चेहरा बिघडायचे दिवस

जून उजाडला की आमच्या दवाखान्यात मलमाचा हंगाम सुरू होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात, बंडाबर्गच्या परिसरात, जून म्हणजे थंडीची सुरुवात. ऊन सौम्य होतं, घाम कमी येतो, आणि उन्हानं खराब झालेल्या कातडीवर फ्लुरोयुरॅसिलचं मलम लावायला हाच काळ बरा. पण याच महिन्यात इथल्या साखर कारखान्यांचं गाळपही सुरू होतं. सांगलीकडचा आमचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो; इथला जूनपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. म्हणजे ज्या माणसांना या मलमाची सगळ्यात जास्त गरज, ती माणसं नेमकी तेव्हाच उसात. ‘गाळप उरकू दे, मग बघू’ हे वाक्य मी माहेरी इतक्या वेळा ऐकलंय की इथल्या शेतकऱ्याच्या तोंडून इंग्रजीत आलं तरी मला वडिलांचाच आवाज ऐकू येतो. त्यांनी हर्नियाचं ऑपरेशन याच वाक्यावर कैक वर्षं पुढं ढकललं होतं.

मी इथल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स आहे. शिकले मिरजेला. डॉक्टर त्वचा तपासतात, निदान करतात, औषध लिहून देतात. मलम कसं लावायचं, ते लावल्यावर काय काय होईल हे समजावून सांगणं, आणि उपचार संपेपर्यंत त्या माणसाची साथ न सोडणं, हे माझं काम. औषध लिहायला काही मिनिटं पुरतात. माझं काम महिना-दीड महिना चालतं.

उन्हानं कातडी खराब होण्याच्या या दुखण्याला ॲक्टिनिक केराटोसिस किंवा सोलर केराटोसिस म्हणतात. इथली माणसं नुसतं ‘सनस्पॉट’ म्हणून मोकळी होतात. वर्षानुवर्षं अंगावर घेतलेल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींची जनुकं बिघडतात, त्या पेशी वेड्यावाकड्या वाढू लागतात आणि कपाळावर, टकलावर, कानाच्या कडेवर, हातांच्या पाठीवर लहान लहान खरखरीत चट्टे उठतात. डोळ्यांच्या आधी ते बोटांना कळतात. खपली धरते, निघते, पुन्हा धरते. यातले कित्येक चट्टे आपले आपण जातातही. थोड्यांचा मात्र पुढं स्क्वेमस सेल कार्सिनोमा नावाचा त्वचेचा कर्करोग होतो, आणि तो नेमका कोणत्या चट्ट्याचा होईल हे आधी सांगता येत नाही. एकदोनच चट्टे असले तर डॉक्टर उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचा फवारा मारून ते गोठवतात. पण ज्याचं सगळं कपाळ नाहीतर सगळं टक्कल भरलेलं आहे, त्याचा एकेक डाग गोठवत बसून भागत नाही. दिसणाऱ्या दोन चट्ट्यांमधली नितळ कातडीही आतून तितकीच भाजलेली असते. अशा वेळी सगळ्या पट्ट्यालाच मलम लावावं लागतं.

इथली ही माणसं मूळची आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड अशा ढगाळ मुलखांतून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. बंडाबर्ग मकरवृत्ताच्या जरासं दक्षिणेला. तिकडच्या कातडीला इकडचं ऊन मानवत नाही, आणि त्याची किंमत सगळा देश मोजतो आहे: सत्तरी गाठेपर्यंत दर तीन ऑस्ट्रेलियन माणसांपैकी दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो. शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी घाला असं सांगणारी ‘स्लिप! स्लॉप! स्लॅप!’ ही मोहीम १९८१मध्ये सुरू झाली. माझे बरेचसे रुग्ण त्याच्या आधीच उघड्या अंगानं उसात राबून मोठे झाले होते. नुकसान बहुतेक वेळा उजव्या बाजूला जास्त सापडतं. आपल्यासारखंच इथंही चालक उजवीकडे बसतो, आणि खिडकीतून येणारं ऊन जन्मभर उजव्या गालावर, उजव्या कोपरावर पडत राहतं.

फ्लुरोयुरॅसिल हे मुळात पोटातल्या, छातीतल्या कर्करोगांसाठी शिरेतून देण्याचं औषध. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५७मध्ये जगासमोर आणलं. कर्करोगाच्या गाठी युरॅसिल नावाचा रेणू निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात, असं तोवर लक्षात आलं होतं. त्यांनी त्या रेणूतला हायड्रोजनचा एक अणू काढून तिथं फ्लोरीन बसवला. पेशी त्याला नेहमीचं युरॅसिल समजून आत घेते, डीएनएसाठी लागणारं थायमिन बनवणारं विकर त्याच्यापाशी अडकून पडतं, आणि भराभर वाढणाऱ्या पेशीची पुढची वाढच थांबते. पुढं साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. शरीरातल्या कर्करोगासाठी हे औषध घेणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरचे उन्हाचे चट्टे लाल होऊन पेटत होते आणि मग नाहीसे होत होते. बाकीची कातडी जागच्या जागी. तिथून या औषधाचं मलम झालं. मला ही हकिकत फार आवडते, कारण त्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दुखण्याच्या रुग्णाचा चेहरा नीट पाहिला होता. कुणी न पाहता पुढं गेलं असतं, तर आज माझ्या टेबलावर ही ट्यूब नसती.

ट्यूब दिसायला अगदी साधी. पाच टक्क्यांचं पांढरं मलम, बहुधा सकाळ-संध्याकाळ, पातळ थर. चेहऱ्यावर दोन ते चार आठवडे, हातांवर त्याहून जास्त, कारण तिथली कातडी जाड. डोळ्यांपासून, नाकपुड्यांच्या वळणापासून, ओठांच्या कोपऱ्यांपासून लांब. हातमोजा घालून लावायचं आणि तरीही नंतर हात धुवायचे. पहिले चार-पाच दिवस काहीच होत नाही. मग लाली येते, चुरचुरतं, आग होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी सोलते, ओलसर होते, खपल्या धरतात. पहिल्या पावसानंतर रानात दडलेलं तण उगवून वर यावं तसे चट्टे वर येतात. जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथंही येतात. वळवाच्या आधी रान स्वच्छ होतं असं वाटणाऱ्या माणसाला ते बघून धक्का बसतो. मलम थांबवलं की पुढच्या दोन ते चार आठवड्यांत सगळं भरून येतं, खाली गुलाबी, मऊ कातडी निघते.

म्हणजे औषध लागू पडतं आहे याची खूण हीच, की माणूस आधीपेक्षा भयंकर दिसू लागतो. बाकी कोणत्याही औषधानं असं केलं तर ते बंद करा असंच मी सांगेन. इथं मला उलट सांगावं लागतं, आणि ते आधीच सांगावं लागतं. चेहरा सोलवटल्यावर सांगितलेली गोष्ट माणसाला सारवासारव वाटते. तीच गोष्ट आधी ऐकलेली असली की तो आरशासमोर उभा राहून म्हणतो, हां, हे होणार असं सिस्टर म्हणाल्या होत्या. म्हणून पहिल्या भेटीत मी घाई करत नाही. ज्यांनी परवानगी दिली आहे अशा जुन्या रुग्णांचे, ओळख पटणार नाही असे फोटो दाखवते: पहिला आठवडा, दुसरा, तिसरा, आणि मग दोन महिन्यांनंतरचा. तिसऱ्या आठवड्याचा फोटो बघून माणसं खुर्चीत मागं सरकतात. मी तो फोटो लगेच उलटत नाही.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना हेच मलम लिहून दिलं होतं. काय होईल हे कुणी बसून सांगितलं नव्हतं. आठव्या-नवव्या दिवशी कपाळ पेटलं तशी त्यांना वाटलं, आपल्याला ॲलर्जी आली. ट्यूब कचऱ्यात गेली. पुन्हा कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. काही वर्षांनी त्याच कपाळाच्या कडेला कर्करोग निघाला, तो कापावा लागला आणि मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागली. ‘मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं केलं,’ असं त्या म्हणाल्या. त्या अर्धवट राहिलेल्या उपचारामुळंच पुढचं झालं असं कुणी ठामपणे म्हणू शकणार नाही, मीही म्हणत नाही. पण दहाव्या दिवशी त्यांना एक फोन यायला हवा होता, एवढं मी ठामपणे म्हणते. तेव्हापासून दहाव्या दिवसाचा फोन माझ्या वहीत औषधाच्या मात्रेइतकाच पक्का आहे.

गेल्या हंगामातले एक शेतकरी. इथं ऐंशीच्या घरातल्या माणसालाही नावानं हाक मारायची रीत आहे. मी ती पाळते, पण मनात ते माझे आजोबाच असतात. मुलगा हार्वेस्टर चालवतो, हे अजून हॉलआउट ट्रॅक्टरवर बसतात, म्हणजे तोडलेला ऊस रानातून उचलून कारखान्याच्या छोट्या रुळगाडीपर्यंत नेण्याचं काम. आदल्या वर्षी त्यांच्या कानाची कड कर्करोगामुळं कापली होती. आता सगळं टक्कल खरखरीत झालेलं. नातवाचं लग्न सप्टेंबरच्या शेवटी. आम्ही कॅलेंडर पुढं घेऊन बसलो. जुलैत सुरू केलं तर लग्नाला डोकं बरं होईल, पण गाळप ऐन भरात. ते बराच वेळ गप्प राहिले. मग बायको म्हणाली, ‘ट्रॅक्टर कुणीही चालवेल.’ जुलै ठरला.

डोक्याला स्वतःच्या हातानं नीट लावता येत नाही, तेव्हा लावणार कोण? सून लावेल, असं ठरत होतं. मी विचारलं तेव्हा कळलं की ती गरोदर आहे. गरोदर बाईनं हे मलम हाताळायचं नाही. काम बायकोकडं आलं. मग मी विचारलं, घरात कुत्रा? कुत्रा होता, आणि तो रात्री त्यांच्या उशाशी झोपत असे, सकाळी डोकं चाटून उठवत असे. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्यांना सांगावं लागलं की हे मलम कुत्र्याच्या पोटात गेलं, अगदी चाटण्यातून किंवा ट्यूब चावण्यातून, तर झटके येऊन काही तासांत तो मरू शकतो, मांजराचंही तसंच. कान कापल्याचं बोलताना न हललेला माणूस इथं हलला. कुत्र्याची झोपायची जागा त्या दिवसापासून व्हरांड्यात गेली. पुढं ते मला सांगत, आग होते त्याचं काही नाही, पण रात्री तो दाराशी कुईकुई करतो ते ऐकवत नाही.

पाचव्या दिवशी त्यांचा प्रश्न आला: काहीच होत नाही, ट्यूब जुनी तर नाही? दहाव्या दिवशी मी फोन केला, तेव्हा लाली आली होती. नंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी बायकोचा फोन. आवाज घाबरलेला. डोक्यावरून पाणी सुटतंय, उशीचे अभ्रे खराब होतायत, त्यांनी जेवण टाकलं, आम्ही हे बंद करतोय. मी एकेक विचारत गेले. ताप आहे का? पिवळा पू आहे का? लाली मलमाच्या हद्दीबाहेर पसरत चालली आहे का? डोळे सुजलेत का? संसर्ग झाला असेल तर तो ओळखून थांबवायलाच हवा, आणि तो नसेल तर घाबरून थांबवायला नको. या दोन्हींतला फरक फोनवरून काढणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. सगळ्याला उत्तर ‘नाही’ आलं. आज रात्री मलम लावू नका, सकाळी या, म्हटलं.

सकाळी ते टोपी घालून आले. प्रतीक्षागृहात टोपी काढेनात. आतल्या खोलीत दार लावल्यावर काढली. सगळं डोकं लालभडक, जागोजागी ओलं, मधे काळपट खपल्या. डॉक्टरांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, काम झालं, आता थांबवा. ठरलेल्या मुदतीच्या थोडं आधीच थांबवलं, कारण कातडी जिथवर यायला हवी तिथवर आली होती. मुदत कागदावर असली तरी थांबायची वेळ कातडी बघूनच ठरते. मी कोमट पाण्याच्या ओल्या घड्या ठेवून खपल्या सैल केल्या, व्हॅसलीनचा थर दिला. त्यांनी विचारलं, ‘खरं सांग, कसं दिसतंय?’ मी म्हटलं, फोटोतल्या तिसऱ्या आठवड्यासारखं. त्यांनी फोटो पुन्हा मागितला, आणि या वेळी दोन महिन्यांनंतरचा फोटो जास्त वेळ बघितला.

ज्यांना आकडे ऐकून धीर येतो त्यांना मी आकडे सांगते. नेदरलँड्समध्ये ६२४ जणांवर चार वेगवेगळ्या उपचारांची तुलना झाली, तिचा निष्कर्ष २०१९मध्ये आला. वर्षानंतर या मलमाच्या गटात जवळजवळ ७५ टक्के लोकांचा उपचार यशस्वी ठरला होता. इमिक्विमॉड नावाच्या दुसऱ्या मलमाचा आकडा ५४च्या आसपास, प्रकाशाच्या उपचाराचा ३८च्या आसपास, आणि चौथ्याचा त्याहूनही खाली. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी त्वचेचे कर्करोग होऊन गेलेत अशा ९३२ जणांपैकी निम्म्यांनी एकदाच, दोन ते चार आठवडे, चेहऱ्याला आणि कानांना हे मलम लावलं. पुढच्या वर्षभरात मलम लावलेल्या ४६८ जणांपैकी ५ जणांना स्क्वेमस कर्करोगाची शस्त्रक्रिया लागली. साधं क्रीम लावलेल्या ४६४ जणांपैकी २० जणांना. पहिल्या वर्षानंतर हा फायदा ओसरत जातो, हेही मी सांगते. ऊन थांबत नाही, त्यामुळं मलमही कधीतरी पुन्हा लागतं.

आणि नॅम्बरचं सांगते. आमच्या दक्षिणेचं हे गाव, तिथंही पूर्वी साखर कारखाना होता आणि उसाच्या रुळगाड्या भर रस्त्यातून जात. १९९२मध्ये तिथल्या १,६२१ रहिवाशांवर एक अभ्यास सुरू झाला. काहींना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, बाकीच्यांनी नेहमीसारखं मर्जीनुसार लावायचं. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाले. ही लहान मुलं नव्हती, मोठी माणसं होती. ‘आता या वयात टोपी घालून काय होणार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी नॅम्बर सांगते, आणि सांगताना हेही बजावते की कॅप नको, कान झाकेल अशी रुंद काठाची टोपी हवी.

ते शेतकरी लग्नाला गेले. त्यांनी फोटो पाठवला, डोक्यावर काहीही न घालता काढलेला, संध्याकाळच्या उन्हात. कुत्रा पुन्हा उशाशी गेला, पण मलम संपून, ट्यूब दवाखान्यात परत आल्यावरच.

मला इथं बरेच जण म्हणतात, तुझी कातडी बरी, तुला याची चिंता नाही. बऱ्याच अंशी ते खरं आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे दुखणं पुष्कळ अडवतं. पण ते ऐकलं की मला शाळेतली माझी मैत्रीण आठवते. तिच्या कातडीत, केसांत, डोळ्यांत जन्मापासून रंगद्रव्य नाही, ज्याला अल्बिनिझम म्हणतात ते. फळा दिसायचा नाही म्हणून ती पहिल्या बाकावर, आणि शनिवारच्या कवायतीत सगळ्यांबरोबर मैदानावर, उन्हात. आम्हाला तिच्या नजरेची काळजी होती, कातडीची कुणालाच नव्हती. आता ती आमच्याच तालुक्यात शिक्षिका आहे, स्कूटीवरून शाळेला जाते. गेल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा गप्पा मारताना तिचा हात हातात घेतला, आणि बोटांना ते कळलं. मनगटापासून कोपरापर्यंत, हातांच्या पाठीवर, सगळीकडं. ती म्हणाली, कोरडं पडतंय गं, खोबरेल लावते मी.

मग सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तिचे हात नीट तपासले. एक चट्टा जाड होता, त्याचा तुकडा तपासायला पाठवला. त्यात कर्करोग निघाला नाही. हातांच्या बाकीच्या भागासाठी मलम लिहून दिलं. सुरुवात पावसाळ्यात करायची ठरली. मी तोवर परत आले होते, म्हणून फोटो व्हॉट्सॲपवर येत. घरात कुत्रं-मांजर आहे का, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. मांजर होतं, ते स्वयंपाकघरातून हललं.

पंधरा दिवसांनी तिच्या सासूबाईंनीच फोन हातात घेतला. ‘अगं, मलम लावून जास्तच वाढलंय. हात बघवत नाहीत पोरीचे. टाकून देऊ दे ती ट्यूब.’ बंडाबर्गच्या त्या बायकोचाच फोन, फक्त आमच्या बोलीत. मी त्यांनाही तेच विचारलं: ताप, पू, लाली कुठवर. मग म्हटलं, ‘काकू, तिच्या हाताला जे झालंय ते आतमध्ये आधीपासून होतं. मलमानं ते वर काढलंय. उद्या डॉक्टरांना दाखवा, ते थांब म्हणाले तर थांबा, नाहीतर चालू ठेवा.’ डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलं. त्यानंतर काकूंनी सगळं अंगावर घेतलं. मलमाच्या हातानं पीठ मळायचं नाही म्हटल्यावर भाकऱ्या त्याच थापू लागल्या. लांब बाह्यांचे सुती ब्लाउज त्यांनी शिवून आणले. दोन्ही वेळचं मलम हातमोजा घालून त्याच लावत, आणि फोटोही त्याच काढून पाठवत.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, गौरी जेवायच्या दिवशी हळदीकुंकवाला बायका येतील, तेव्हा हात बरे दिसतील का तिचे? मी कॅलेंडर काढलं, थांबवायची तारीख आणि भरून यायचे आठवडे मोजले. खपल्या गेलेल्या असतील, म्हटलं, रंग थोडा लाल असेल. मग त्या म्हणाल्या, लाल असला तर असू दे, पण सनस्क्रीन कधीपासून लावायचं ते आत्ताच सांगून ठेव, सप्टेंबरात शाळेचे खेळ सुरू होतात.